मेनफ्रेमवरचा रिझॉल्व्हर (मशीनच्या नावावरून आयपी पत्ता शोधणारा प्रोग्राम): वाचकांचे प्रश्न

प्रश्न: झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये नव्या नेम सर्व्हरचा (नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस सर्व्हर) पत्ता टाकला. युनिक्स शेलमधून नवीन नावं सापडतात. टीएसओमधून (मेनफ्रेमवर कमांड देण्याची जुनी सोय) पिंग केलं की मात्र विचारणा अजून जुन्याच सर्व्हरकडे जाते. असं का?

उत्तर: कारण टीएसओचा पिंग ती फाइल बघतच नाही. युनिक्सकडचे आणि मूळ एमव्हीएसकडचे (झेड/ओएसचा जुना गाभा, टीएसओ त्यातलाच) प्रोग्राम वेगवेगळ्या क्रमाने फाइल शोधतात. एमव्हीएसकडे आधी सिसटीसीपीडी हा डीडी (प्रोग्रामला फाइल जोडून देणारं नाव), मग युजरचा स्वतःचा टीसीपीआयपी.डेटा, मग सिस१.टीसीपीपार्म्स या डेटासेटमधला (मेनफ्रेमवरची फाइल) टीसीपीडेटा मेंबर (तिचा एक भाग). तुमचा जुना पत्ता बहुधा यातच कुठेतरी बसलेला आहे.

पण अंदाजाने फाइली बदलू नका. आधी कोणती वाचली गेली ते बघा. टीएसओत सिसटीसीपीटी हा डीडी टर्मिनलला अ‍ॅलोकेट करा, बॅच जॉब असेल तर जेसीएलमध्ये (जॉब चालवण्याच्या सूचना) त्याच नावाचा डीडी सिसआउट=* असा द्या, की ट्रेस समोर येतो. त्यात सुरुवातीलाच डेटासेटची नावं असतात, आणि पुढे प्रत्येक सेटिंगआधी कंसात एक खूण: जी म्हणजे ग्लोबल फाइल, एल म्हणजे लोकल, तारांकन (*) म्हणजे कुणीच काही सांगितलं नाही म्हणून डिफॉल्ट. नेम सर्व्हरच्या ओळीवरची खूण वाचली की निम्मं काम झालं.

कायमचा उपाय एकच, आणि तो मी आग्रहाने सांगतो. रिझॉल्व्हरच्या सेटअप फाइलमध्ये ग्लोबलटीसीपीआयपीडेटा (सगळ्यांसाठीची ग्लोबल फाइल कोणती ते सांगणारी ओळ) द्या. मग नेम सर्व्हर, सर्च, टाइमआउट या गोष्टी फक्त तिथूनच घेतल्या जातात, दोन्ही बाजूंसाठी. होस्टनेमसारख्या बाबी लोकल फाइलमध्ये राहू शकतात.

प्रश्न: बदल केल्यावर टीसीपीआयपी बंद करून पुन्हा चालू करावं लागतं का?

उत्तर: अजिबात नाही. रिझॉल्व्हरचा अ‍ॅड्रेस स्पेस (स्वतंत्रपणे चालायची जागा) वेगळा आहे. कन्सोलवरून 'एफ रिझॉल्व्हर,रिफ्रेश' पुरतं. सेटअप फाइलच बदलली असेल तर पुढे 'सेटअप=' आणि तिचं नाव जोडा. कॅशमध्ये जुनी उत्तरं अडकली असतील तर 'एफ रिझॉल्व्हर,फ्लश,ऑल'. शेवटी 'एफ रिझॉल्व्हर,डिस्प्ले' देऊन खात्री करा.

प्रश्न: पहिला नेम सर्व्हर पडला की सगळे जॉब रेंगाळतात. दुसरा सर्व्हर दिलेला आहे, तरी.

उत्तर: दुसऱ्याकडे जाण्याआधी प्रत्येक विचारणा पहिल्याची वाट बघते. रिझॉल्व्हरटाइमआउट जुन्या काळापासून 30 सेकंदांवर ठेवलेला असेल, तर तो आधी कमी करा. आताचा डिफॉल्ट 5 सेकंद आहे. त्यानंतर सेटअप फाइलमध्ये अनरिस्पॉन्सिव्हथ्रेशोल्डसोबत (सर्व्हर उत्तर देत नाही असं मानायची मर्यादा) ऑटोक्वाएस द्या. उत्तर न देणारा सर्व्हर मग रिझॉल्व्हर आपणहून बाजूला ठेवतो आणि शुद्धीवर आला की परत घेतो. मात्र त्यासाठीही ग्लोबलटीसीपीआयपीडेटा असणं सक्तीचं आहे.

प्रश्न: दोन-चार नावं डीएनएसमध्ये न घालता मशीनवरच ठेवायची आहेत.

उत्तर: ग्लोबलआयपीनोड्स फाइलमध्ये (मशीनवरची नावं-पत्त्यांची यादी) लिहा आणि सेटअपमध्ये कॉमनसर्च द्या, म्हणजे आयपीव्ही4 साठीही तीच फाइल बघितली जाईल. डीएनएसआधी ती बघायची असेल तर टीसीपीआयपी.डेटामध्ये 'लुकअप लोकल डीएनएस' हवं. डिफॉल्ट क्रम याच्या उलटा आहे.