सत्तेचाळीसमध्ये आधी सात ऐकू येतात

‘ताई, मुलगी दुसरीत आहे. रोज संध्याकाळी १ ते १०० पाच वेळा लिहून घेते, तरी गणित म्हटलं की रडते. संख्या सांगून लिहायला लावली तर नुसता धांदरटपणा, ४७ चे ७४ करते. ओरडले की सासूबाई तिला पाठीशी घालतात. शिकवणी लावू का?’

शिकवणी राहू द्या. तुम्ही धांदरटपणा म्हणून ढकलून दिलेलं ते ४७ चं ७४ आधी बघू. ‘सत्तेचाळीस’ मोठ्याने म्हणा बरं. आधी सात ऐकू येतात, मग चाळीस. लेकीने ऐकलं त्या क्रमाने लिहिलं. म्हणजे कान देऊन ऐकते ती, आणि त्याचाच रोज ओरडा खाते! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी विनोद केले. अडचण मात्र हीच होती.

आता तिची वही उघडा. आधी वरून खाली ४, ४, ४ आणि मग शेजारी १, २, ३ असं उतरवलेलं दिसेल. त्यात सत्तेचाळीस ही संख्या तिच्या डोक्यात येतेच कुठे? ते लिहिणं आजपासून बंद. अगदी बंद.

खराट्याचे हीर घ्या, बोटभर लांबीच्या ९९ काड्या कापा. दहा-दहाचे नऊ गठ्ठे तिने स्वतः मोजून रबर लावून बांधायचे, नऊ काड्या सुट्या. तुम्ही बांधून दिलेत तर गठ्ठ्यात दहा आहेत हे तिला पटणार नाही, ती प्रत्येक वेळी एकापासून मोजत बसेल. संख्या ऐकली की गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे. मांडून झाल्यावरच पेन्सिल हातात द्यायची, आणि कानावर नाही, काड्यांकडे बघून डावीकडून लिहायचं: चार गठ्ठे, सात सुट्या, ४७. रोज पाच संख्या, दहा मिनिटं.

सुरुवात सत्तावीस, चौतीस, पंचेचाळीस अशा, दोन्ही भाग स्पष्ट ऐकू येणाऱ्या संख्यांनी करा. बावन्न, त्रेपन्न नंतर. चव्वेचाळीस विचारूच नका, उलटं लिहिलं तरी बरोबरच दिसतं. ‘एकोण’वाल्या तिसऱ्या आठवड्यात, कारण एकोणपन्नासमध्ये ‘पन्नास’ ऐकून मुलं हमखास ५९ लिहितात. तिथे पाच गठ्ठे मांडायचे, एकाचं रबर सोडायचं, एक काडी उचलायची. चार गठ्ठे आणि नऊ सुट्या समोर उरतात.

चुकलं तर खोडरबर तुम्ही उचलू नका. ‘काड्या मांड’ एवढंच म्हणायचं.

आणि संख्या सांगायला सासूबाईंना बसवा. त्या ओरडत नाहीत.