अर्धगुणसूत्री म्हणजे गुणसूत्र अर्धं होणं नव्हे

तुझा प्रश्न वाचला आणि माझी स्वतःची जुनी उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला सगळं इंग्रजीतून, आणि 'मिओसिसच्या पहिल्या विभाजनानंतर गुणसूत्रं किती, क्रोमॅटिड किती' हे पाठ करूनही दर वेळी चुकतं, असं तू लिहिलं आहेस. वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहितेय, राग नसावा. अवस्थांची नावं वगैरे तुला येत असणार, त्यात जात नाही. इतर वाचणाऱ्यांसाठी एवढंच: मिओसिस म्हणजे युग्मकं (अंडपेशी, शुक्रपेशी) तयार करणारं पेशीविभाजन, आणि क्रोमॅटिड म्हणजे प्रत झालेल्या गुणसूत्राच्या दोन पट्ट्यांपैकी एक.

माझी गाडी अडली होती ती नावावर. मराठीत मिओसिसला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात आणि मी त्याचा सरळ अर्थ लावला, की गुणसूत्र अर्धं होतं. म्हणजे पहिल्या विभाजनात प्रत्येक गुणसूत्र उभं चिरलं जातं आणि दुसऱ्यात त्यांची संख्या निम्मी होते. खरं तर नेमकं उलटं आहे. पहिल्या विभाजनात जोडीतली दोन गुणसूत्रं, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून आलेलं, एकमेकांपासून लांब जातात. गुणसूत्र अख्खंच राहतं, आपल्या दोन्ही क्रोमॅटिडांसकट. संख्या निम्मी होते ती इथेच. क्रोमॅटिड सुटतात दुसऱ्या विभाजनात.

घात असा, की शेवटचा आकडा दोन्ही समजुतींत सारखाच येतो. फळमाशीत २एन (शरीरपेशीतली एकूण गुणसूत्रं) = ८ असतं, युग्मकात ४ उरतात, आणि माझंही उत्तर ४ यायचं. त्यामुळे बारावीत चूक कुणाच्या नजरेला आली नाही. दुसऱ्या वर्षाला मधल्या टप्प्यांचे आकडे विचारले, प्रश्नाचे चार उपभाग एकमेकांवर अवलंबून, आणि चारही गेले.

तेव्हा मला खात्री होती की तपासणाऱ्याचंच चुकलंय. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायला गेले. विद्यापीठाच्या एका खिडकीवर सांगितलं, अर्ज कॉलेजमार्फत करा. कॉलेजात सांगितलं, ते विद्यापीठातच मिळतं. तिसऱ्या खेपेला कळलं की मुदत आदल्या दिवशी संपली. मुदत किती आहे हे आधीच्या दोन्ही खेपांना कुणी बोललं नव्हतं. मार्कांचं मी कधीच सोडून दिलं. पण ती झेरॉक्स हातात आली असती तर माझी चूक मला त्याच आठवड्यात दिसली असती. दिसली नाही, म्हणून तीच समजूत घेऊन मी एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेला बसले आणि एक वर्ष घालवलं. याचा राग अजून गेलेला नाही. निकाल लागला की त्याच दिवशी झेरॉक्सच्या अर्जाची शेवटची तारीख लिहून ठेव, मार्क चांगले पडले असले तरी.

आता उपाय. मी प्राध्यापक नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि संध्याकाळी काही मुलांना शिकवते, तेव्हा तुझ्या सरांची पद्धत वेगळी असेल तर परीक्षेत त्यांचंच लिही. माझ्या मते आकडे पाठ करणं ताबडतोब बंद कर. एकच नियम धर: गुणसूत्रं मोजायची असतील तर सेंट्रोमिअर, म्हणजे दोन क्रोमॅटिड जिथे जोडलेले असतात ती जागा, मोज. फळमाशीची पेशी घे. डीएनएची प्रत तयार झाल्यावरही सेंट्रोमिअर ८, म्हणून गुणसूत्रं ८. क्रोमॅटिड मात्र १६, आणि डीएनए २सीचा ४सी झालेला (सी म्हणजे एका युग्मकात असतो तेवढा डीएनए). पहिल्या विभाजनानंतर प्रत्येक पेशीत गुणसूत्रं ४, क्रोमॅटिड ८, डीएनए २सी. दुसऱ्यानंतर गुणसूत्रं ४ आणि डीएनए १सी. संख्या आणि डीएनए दर टप्प्याला बरोबरीने बदलत नाहीत, सगळा गोंधळ इथला आहे. दोन रंगांची लोकर (एक रंग आईकडच्या गुणसूत्रांचा, एक वडिलांकडच्या) घेऊन २एन = ४ ची पेशी जमिनीवर मांड. माणसाच्या ४६ पासून सुरुवात करू नकोस. तो आकडा शास्त्रज्ञांनाही लवकर सापडला नव्हता. कित्येक वर्षं ४८ मानला जायचा, १९५६ साली जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान या शास्त्रज्ञांनी ४६ दाखवला.

हे पक्कं झालं की डाउन सिंड्रोम आपोआप समजतो. २१ क्रमांकाची जोडी वेगळीच झाली नाही, तर एका युग्मकात त्या गुणसूत्राच्या दोन प्रती जातात आणि बाळात ४७ गुणसूत्रं होतात. हे बहुतेक वेळा आईच्या पहिल्या विभाजनात घडतं. माझ्या जुन्या समजुतीने याचं कारण सांगताच यायचं नाही.

कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल (ते मायटोसिसचं, म्हणजे गुणसूत्रांची संख्या तीच ठेवणाऱ्या साध्या विभाजनाचं) असेल तर टोकाचा एक-दोन मिलिमीटरच भाग घे, मागच्या भागात विभागणाऱ्या पेशी फारशा नसतातच. कव्हरस्लिप टिपकागदाखाली सरळ दाब, सरकवू नकोस. तिथे २एन = १६ आहे, पण एवढी गुणसूत्रं वेगवेगळी मोजता येतील अशी पेशी पटकन मिळत नाही. चार-पाच स्लाइड कराव्या लागतील.

आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या पेपरात जीवाणूंच्या विभाजनाला मायटोसिस लिहू नकोस, माझ्या शिकवणीतली मुलं दर वर्षी लिहितात. जीवाणूंना केंद्रकच नसतं, ते द्विखंडन आहे.

लोकरीची मांडणी केलीस की फोटो टाक. पहिल्या विभाजनानंतरचा नक्की टाक, मी बघते.