बाबांच्या भजनांच्या कॅसेट

प्रश्न : बाबा रक्ताच्या कर्करोगाशी बरीच वर्षं झुंजले, पण केमो चालू असतानाही त्यांनी पेटी सोडली नाही. वर्षश्राद्धाला त्यांचीच भजनं लावायची आहेत. कॅसेटवर मात्र पांढरी बुरशी दिसते.
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : त्या कॅसेट लावून बघू नका. बुरशी डेकच्या हेडवर (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून चांगल्या कॅसेटलाही लागते. गोव्याच्या पावसाळ्यात हे ठरलेलंच. आठवडाभर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, मग मास्क लावून फीत पेन्सिलीने फिरवत कोरड्या मऊ कापडाने पुसा. ९० मिनिटांची फीत ६०च्या फितीपेक्षा पातळ असते, ओढाताण नको. दर कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज दबका येत असेल तर फीत हेडवर दाबून धरणारी आतली फेल्टची गादी निघालेली असू शकते.

डेकमधून केबलने थेट संगणकाच्या लाइन-इनला (बाहेरून आवाज आत घेणाऱ्या खाचेला) जोडा. समोर मोबाइल धरून रेकॉर्डिंग नकोच. रेकॉर्डिंगची सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, वेव्ह (WAV, आवाज न दाबता साठवणारी) फाइल ठेवा : ९० मिनिटांना सुमारे ९५० एमबी. रेकॉर्डिंगच्या आवाजाची पातळी भजनाच्या द्रुत भागावर ठरवा, नाहीतर झांजांचा आवाज फाटतो.

खरखर काढणारा फिल्टर आजारपणातल्या गाण्यांना जवळजवळ लावूच नका. दमलेल्या गळ्याचे श्वास आणि सकार (‘स’चे उच्चार) आधी जातात. मधला खोकला, ‘परत घे रे’ हेही राहू द्या, असं आमचं मत. मूळ फाइलच्या दोन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा.