वर्तमानपत्राच्या कचेरीत 'फादर ऑफ द चॅपल' कुठून आला?

प्रश्न असा आला आहे: लंडनच्या एका पत्रकाराच्या आठवणी मराठीत आणताना 'फादर ऑफ द चॅपल' हा उल्लेख आडवा आला. हा माणूस पाद्री नाही, वर्तमानपत्रातला साधा उपसंपादक आहे. त्याच मजकुरात वेल्समधल्या एका कुटुंबाबद्दल 'दे वेअर चॅपल' असे वाक्य आहे. माणसे चॅपल कशी असतील? कोशात तर 'छोटे चर्च' एवढाच अर्थ मिळतो.

कोशातला तो अर्थ आधी बाजूला ठेवू या, कारण सगळी अडचण त्यानेच केली आहे. चॅपल छोटे असते असे काही नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे चॅपल सहाव्या हेन्रीने १४४६ मध्ये बांधायला घेतले. त्याच्या दगडी छताखाली उभे राहिले की इंग्लंडमधली कितीतरी चर्चे त्यापुढे ठेंगणी वाटतात. तरी ते चॅपलच. व्हॅटिकनमधले सिस्टिन चॅपल तर सगळ्यांना माहीत आहे. नवा पोप तिथे निवडला जातो, आणि मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात त्याचेच छत रंगवले. आकार हा इथे मुद्दाच नाही.

मुद्दा आहे मालकीचा आणि नात्याचा. ख्रिस्ती धर्मव्यवस्थेत मुलूख पॅरिशांमध्ये वाटलेला असे. गावाचे किंवा पेठेचे एक पॅरिश, त्याचे एक चर्च, त्याचा एक पाद्री. बाप्तिस्मा, लग्न, दफन, त्यांच्या नोंदी, सगळे तिथे. या रचनेच्या बाहेर किंवा तिच्या पोटात, कुणा एका घराण्याने, संस्थेने किंवा गटाने स्वतःसाठी ठेवलेली प्रार्थनेची जागा म्हणजे चॅपल. राजवाड्याचे, कॉलेजचे, इस्पितळाचे, तुरुंगाचे चॅपल असते ते या अर्थाने. मोठ्या चर्चच्या आत मेरीमातेसाठी वेगळी वेदी असलेले दालनही चॅपलच. 'सगळ्यांचे' आणि 'आपल्यांचे' हा फरक हाताशी ठेवला की या शब्दाची पुढची सगळी वळणे उलगडतात.

आता व्युत्पत्ती. ती इतकी सुंदर आहे की कुणी रचून सांगितली असावी असे वाटेल, पण भाषाशास्त्राला ती मान्य आहे. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'काप्पा' म्हणजे अंगावरून घ्यायचा झगा. त्याचे लघुत्वदर्शक रूप 'काप्पेल्ला', म्हणजे छोटा झगा. हा झगा चौथ्या शतकातल्या संत मार्टिनचा. मार्टिन रोमन सैन्यात होता. ऐन कडाक्याच्या थंडीत आमियाँ शहराच्या वेशीवर त्याला एक उघडा भिकारी दिसला. जवळचे सगळे आधीच वाटून झालेले. उरली होती तलवार आणि अंगावरचा झगा. त्याने तलवारीने झगा मधोमध कापला, अर्धा भिकाऱ्याला दिला आणि उरलेला स्वतःभोवती गुंडाळला. बघणाऱ्यांपैकी काही त्याच्या त्या अवताराला हसले. रात्री स्वप्नात त्याला येशू दिसला, अंगावर तोच अर्धा तुकडा. ही हकीकत मार्टिनला प्रत्यक्ष भेटलेल्या सुल्पिकियस सेव्हेरसने लिहून ठेवली आहे. मार्टिनचा तेव्हा बाप्तिस्माही झालेला नव्हता, हा त्यातला तपशील मला फार मोलाचा वाटतो.

पुढे मार्टिन तूर शहराचा बिशप झाला आणि ३९७ मध्ये वारला. त्याचा झगा म्हणून जपलेले वस्त्र फ्रँक राजांकडे आले. ते वस्त्र लढाईला निघताना बरोबर नेत, त्याच्यावर हात ठेवून शपथा घेत. राजाचा मुक्काम हलला की वस्त्रही हलायचे. मग ते ज्या तंबूत किंवा दालनात ठेवत, त्या जागेलाच 'काप्पेल्ला' म्हणू लागले, आणि त्याची राखण करणारे पुरोहित झाले 'काप्पेल्लानुस'. यातूनच इंग्रजीतला चॅप्लिन, म्हणजे फौजेचा, जहाजाचा किंवा तुरुंगाचा पाद्री. वस्त्राचे नाव जागेला आणि जागेचे नाव माणसांना चिकटले. मराठीत बसायची 'गादी' जशी सिंहासन झाली, मग संतांची परंपरा झाली, मग व्यापाऱ्याची पेढी झाली, तशीच ही चाल आहे.

जुने फ्रेंच 'शापेल' इंग्रजीत 'चॅपल' होऊन आले. जाता जाता सांगायचे तर 'कॅप', 'केप' आणि 'एस्केप' हेही याच काप्पाचे वंशज. एस्केप म्हणजे मुळात पाठलाग करणाऱ्याच्या हातात झगा सोडून निसटणे! चार्ली चॅप्लिनचे आडनाव या चॅप्लिनवरूनच आले, आणि क्रिकेटमधल्या चॅपेल बंधूंचे आडनाव चॅपलवरून.

शाळेच्या इतिहासात आपण सगळ्यांनी घोकलेला एक तहही याच कुळातला आहे. एक्स-ला-शापेलचा, १७४८ चा. फ्रेंचांनी १७४६ मध्ये घेतलेले मद्रास या तहाने इंग्रजांकडे परत गेले. हे एक्स-ला-शापेल म्हणजे जर्मनीतले आखेन. फ्रँक सम्राट शार्लमेनने तिथल्या राजवाड्यात बांधलेल्या चॅपलमुळे फ्रेंचांनी त्या गावाला हे नाव दिले. म्हणजे मार्टिनच्या झग्याचा धागा थेट कर्नाटकातल्या इंग्रज-फ्रेंच युद्धापर्यंत येतो.

गोव्यात हा शब्द इंग्रजीची वाट न बघता आला. पोर्तुगीज 'कापेला' कोकणीत 'कोपेल' झाला. पॅरिशचे चर्च ती इगर्ज आणि वाड्यावरचे ते कोपेल, हा भेद गोव्यात आजही बोलण्यात चोख पाळला जातो. अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, गोवा शहर जिंकले आणि त्याच्या स्मरणार्थ जुन्या गोव्यात तिच्या नावाचे कोपेल उभारले. इगर्ज-कोपेल ही जोडी कानांत बसलेली असेल त्याला चर्च आणि चॅपलमधला फरक वेगळा समजवावा लागत नाही.

संगीतात हा शब्द वास्तूकडून पूर्णपणे माणसांकडे गेला. इटालियनमध्ये काप्पेल्ला म्हणजे राजाच्या किंवा बिशपच्या पदरी असलेला गायकवादकांचा ताफा, जर्मनमध्ये कापेल. जर्मन संगीतकार बाख १७१७ पासून १७२३ पर्यंत क्योटन दरबारी कापेलमाइस्टर होता, तो या ताफ्याचा प्रमुख म्हणून. वाद्यांशिवाय गाणे म्हणजे 'आ काप्पेल्ला', चॅपलच्या रीतीने.

'दे वेअर चॅपल' कळायला मात्र इंग्लंडच्या धर्मकारणात थोडे शिरावे लागते. पॅरिश मोठे आणि चर्च लांब असेल तर दूरच्या वस्तीच्या सोयीसाठी एक उपचर्च बांधत. तेही चॅपलच. लंडनचे व्हाइटचॅपल हे नाव स्टेपनी पॅरिशच्या अशाच एका पांढऱ्या चॅपलवरून पडले. इथवर चॅपल चर्चच्या पदराखाली होते. १६६२ च्या कायद्याने सर्वांना एकच प्रार्थनाविधी सक्तीचा झाला आणि तो न मानणारे सुमारे दोन हजार पाद्री आपापल्या जागांवरून गेले. १६८९ मध्ये अशा प्रॉटेस्टंट असहमतांना स्वतःची प्रार्थनागृहे चालवायची मुभा मिळाली. पुढे बाप्टिस्ट, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट लोकांच्या या प्रार्थनागृहांना चॅपल म्हणण्याचा प्रघात पडला. चर्च हा शब्द राजमान्य पंथाकडे, म्हणजे अँग्लिकनांकडे, राहिला.

हा फरक केवळ नावाचा नव्हता. १७५३ च्या विवाहकायद्याने क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सर्वांचे लग्न राजमान्य चर्चमध्येच लागले तर कायदेशीर, असे ठरले. चॅपलला जाणाऱ्या जोडप्याला स्वतःच्या पाद्र्याकडून लग्न लावून घेण्यासाठी १८३६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्यांना पुरती उघडली ती १८७१ मध्ये. त्यामुळे 'तुम्ही चर्च की चॅपल?' या प्रश्नात माणसाचा पंथ, वर्ग आणि बरेचदा राजकारणही विचारले जाई. वेल्समध्ये तर याला भाषेचीही जोड होती. जमीनदार इंग्रजी वळणाचा आणि चर्चचा, खाणकामगार आणि शेतकरी वेल्श बोलणारे आणि चॅपलचे. वेल्समधल्या खेड्याखेड्यांत बेथेल, एबेनेझर, सालेम अशा बायबलमधल्या नावांची चॅपले आजही दिसतात. त्या वाक्यातले कुटुंब या जगातले आहे. आयर्लंडमध्ये याच न्यायाने कॅथलिकांच्या देवळाला चॅपल म्हणत, कारण तिथे चर्च हे नाव अँग्लिकनांनी घेतलेले.

मराठी माणसाने इथे एक नाव लक्षात ठेवावे. बंगालमधल्या श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापणारे विल्यम कॅरी बाप्टिस्ट होते, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबात चॅपलचे.

आता छापखाना. इंग्रज मुद्रक जोसेफ मॉक्सनने १६८३ च्या सुमारास छपाईच्या धंद्यावर सविस्तर लिहिले, तेव्हाच तो म्हणतो की प्रत्येक छापखान्याला फार जुन्या वहिवाटीने चॅपल म्हणतात, आणि तिथल्या कामगारांतला सर्वांत जुना तो चॅपलचा फादर. चॅपलचे स्वतःचे नियम होते. शिवीगाळ, मारामारी, दारू पिऊन येणे, रात्री मेणबत्ती जळती सोडून जाणे, प्रत्येकाला दंड. दंड भरायला नकार दिला तर बाकीचे त्याला दगडी मेजावर पालथा धरून फटके देत. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी लंडनमध्ये छापखान्यात होता. यंत्राकडून अक्षरजुळणीच्या खोलीत बदली झाल्यावर त्याच्याकडे दारूसाठी पुन्हा प्रवेशफी मागितली गेली. त्याने ती नाकारली. मग त्याचे छपाईचे खिळे मिसळले जाऊ लागले, पाने उलटसुलट होऊ लागली, आणि विचारले की सगळे सांगायचे, हे चॅपलच्या भुताचे काम. दोन-तीन आठवड्यांत त्याने पैसे भरले.

छापखान्याला हे नाव का पडले याची एक लोकप्रिय कथा आहे: विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमधला पहिला छापखाना वेस्टमिन्स्टर ॲबेच्या आवारात थाटला, म्हणून चॅपल. कथा नेटकी आहे, पण मला ती पटत नाही. मॉक्सन कॅक्स्टननंतर दोनशे वर्षांनी लिहितो आणि तोही कॅक्स्टनकडे बोट दाखवत नाही. धर्मग्रंथ छापणाऱ्यांना कुणा थोर धर्माधिकाऱ्याने हे नाव बहाल केले असावे, असे तो म्हणतो. मला यात वास्तूपेक्षा माणसे महत्त्वाची वाटतात. आपले नियम आपण करणारा, आपला वडीलधारा आपण मानणारा, मालकाच्या रचनेत राहूनही तिच्यापासून वेगळा असा गट. चॅपल या शब्दात ही छटा तोवर मुरलेली होतीच.

कामगार संघटना आल्या तशी ही जुनी चॅपले त्यांच्या कचेरीतल्या शाखा बनली. ब्रिटनमधली पत्रकारांची राष्ट्रीय संघटना आजही आपल्या शाखेला चॅपलच म्हणते. प्रमुख पुरुष असेल तर फादर ऑफ द चॅपल, बाई असेल तर मदर ऑफ द चॅपल. १९८६ मध्ये वृत्तपत्रमालक रूपर्ट मर्डॉकने आपली वर्तमानपत्रे लंडनच्याच वॉपिंग भागात हलवली आणि छपाई कामगारांचा वर्षभराचा संप पेटला. तिकडे जायचे की नाही, याचे मतदान पत्रकारांनी आपापल्या चॅपलमध्येच केले. तुम्ही मराठीत आणत असलेल्या आठवणी त्या काळातल्या असतील तर हा शब्द पानोपानी येणार.

भाषांतरात 'शाखाप्रमुख' वापरू नका. महाराष्ट्रात त्या शब्दाला पक्षाचा रंग इतका चढला आहे की वाचक भलतीकडे जाईल. 'चॅपलचा फादर' असे जसेच्या तसे ठेवले तर पाद्रीच डोळ्यांसमोर येतो. पहिल्यांदा येईल तिथे 'कचेरीतल्या युनियनचा, म्हणजे त्यांच्या भाषेत चॅपलचा, म्होरक्या' असे लिहावे आणि पुढे नुसते 'चॅपल' चालवावे, नपुंसकलिंगी, चर्चसारखेच. वेल्समधल्या कुटुंबासाठी मराठीची षष्ठी पुरेशी आहे: 'ते चॅपलचे होते.' शेजारी 'जमीनदार चर्चचा' असे एखादे वाक्य मजकुरात येत असेल तर टीपही लागणार नाही.