गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो, म्हणजे वेड लागलं का?

घरातलं कुणी जातं. तेरवी होते, पाहुणे परततात, आणि मग मागे राहिलेल्यांपैकी एखाद्याला गेलेल्या माणसाची हाक ऐकू येते, अंगणात चप्पल वाजते, ओळखीच्या तंबाखूचा वास येतो. तो माणूस आत्मा, पुनर्जन्म, परलोक असं मिळेल ते वाचायला-ऐकायला लागतो आणि घरचे धास्तावतात. ‘याच्या डोक्यावर परिणाम झाला का?’ मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे अनेक घरांतून आला आहे. त्यातलं एक घर इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस-तुरीचं. प्रश्न घेऊन आली ती घरातली सून. तिचे मामाजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासू.

“मामाजी पहाटे चारले उठते अन् आत्याबाईशी बोलते,” ती म्हणाली. “त्याईले जाऊन वरीस होऊन राह्यलं. दिवसभर मोबाइलवर पुनर्जन्माचे व्हिडिओ. आता म्हनते, प्लँचेट करनारा कोनी असंन तं पाहा. अन् इकडे आमचे हे. आत्मा म्हटलं की ताटावरून उठते.”

‘आमचे हे’ म्हणजे विज्ञानाचे शिक्षक. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारे. एका घरात बाप परलोकाच्या वाटेला आणि मुलगा त्याच्या बरोबर उलट. दोघांचीही सुरुवात एकाच दिवशी झाली होती, हे मला पुढे कळलं.

काकाजींना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना, भेटल्यावर मी आधी आत्म्याबद्दल काही विचारलं नाही. जेवण जातं का, झोप लागते का, शेतात जाता का, दारू वाढली का, हे विचारलं. आवाज दिवसभर येतो की ठरावीक वेळीच? तो धमकावतो का, काही करायला सांगतो का? ‘माझ्याकडे या’ असं म्हणतो का? आणि सरळच, ‘मरून जावंसं वाटतं का?’ आपल्या भागात हा प्रश्न आडून विचारून चालत नाही. फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता, हेही मी विचारते. यातल्या एकाही उत्तराने शंका आली असती, तर पुढचं बोलणं थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली असती. ज्यांच्या घरी अशी शंका आहे त्यांनी वाट पाहू नये. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

काकाजींचं तसं काही नव्हतं. आवाज एकच, पहाटेचाच, आणि वाक्यही एकच: “अवो, उठा ना जी, नळ आले.”

त्यांच्या गावात नळ रोज येत नाहीत. येतात तेव्हा पहाटे, तासभर. बाई हयात असताना त्यांना उठवायचं काम तिचंच होतं. “अन् मॅडम, ते सांगते तवा नळ खरंच येते,” काकाजी म्हणाले. हा त्यांचा पुरावा होता.

मी त्यांना वेल्समधल्या एका डॉक्टरबद्दल सांगितलं. ड्यूई रीस हे तिथल्या ग्रामीण भागात साधी डॉक्टरकी करत होते. त्यांनी जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्री-पुरुषांशी बोलून १९७१ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवत होतं. काहींना तो दिसला, काहींना ऐकू आला. बहुतेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ही माणसं वेडी नव्हती, आणि कित्येकांना त्या सोबतीने बरंच वाटत होतं. काकाजींनी विचारलं, “म्हंजे तिकडच्या लोकाईलेही येते?” आणि किती तरी वेळ मान हलवत राहिले.

मात्र रीस यांच्या अभ्यासातून आत्मा सिद्ध होत नाही, आणि खोटाही ठरत नाही. एवढंच कळतं की असा अनुभव येणं शोकात सर्वसाधारण आहे. समुपदेशकाने याच्या पुढे एक पाऊलही टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘हो, त्या येतात’ म्हणणं जितकं चूक, तितकंच पहिल्याच भेटीत ‘भास आहे तो’ म्हणून हात झटकणंही चूक.

मुलगा नंतर आला, बायकोच्या आग्रहावरून. खुर्चीत बसल्या बसल्याच म्हणाला, “तुम्ही बाबांना एकदा स्पष्ट सांगा, हे सगळं थोतांड आहे.” मी म्हटलं, सांगू, पण तुम्ही या कामात कसे आलात ते आधी सांगा. तो जरा अडखळला आणि मग आईचा शेवटचा दिवस सांगितला.

पावसाळ्याचे दिवस. आई खाली जमिनीवर झोपायची. पहाटे तिचं पोट दुखायला लागलं, मग पापण्या उघडेनात, बोलणं गेंगाणं झालं. मण्यार चावली होती. मण्यारचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही, म्हणून वेळ जातो. शेजारच्या एकाने ओळखलं की हे पानाचं, म्हणजे सापाचं, काम आहे. वडील तिला घेऊन निघाले ते शेजारच्या गावातल्या देवस्थानात, जिथे कडुनिंबाचा पाला फिरवून विष ‘उतरवतात’. सकाळ तिथेच गेली. श्वास लागला तेव्हा तालुक्याला, तिथून यवतमाळच्या वाटेवर ती गेली. मुलगा बाहेरगावी होता. पोहोचला तेव्हा सगळं झालं होतं. त्याने तेरवीला बसायला नकार दिला आणि महिनाभरात कार्यकर्त्यांना जाऊन मिळाला.

“आपल्या घरात ग्रामगीता वाचतात, मॅडम,” तो म्हणाला. “गाडगेबाबांचा फोटो आहे भिंतीवर. आणि साप चावल्यावर देवस्थान!” त्याला तक्रार करायची होती. जादूटोणाविरोधी कायद्यात, २०१३ च्या, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणं गुन्हा आहे. पण तक्रार केली तर आईला तिथे नेलं कुणी, हेही लिहावं लागणार होतं. म्हणून ती झाली नाही, आणि तो राग घरात राहिला.

परामानसशास्त्राकडे, म्हणजे आत्मा, अतींद्रिय ज्ञान असल्या गोष्टींच्या अभ्यासाकडे, माणसं कशी ओढली जातात याचा इतिहास मी आवडीने वाचते. त्यात मला पुन्हा पुन्हा असाच एखादा मृत्यू किंवा एखादा अनुभव सापडतो. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल आणि जादूगार हुडिनी हे एके काळी मित्र होते. डॉयल यांचा मुलगा १९१८ मध्ये गेला, हुडिनीची आई १९१३ मध्ये. डॉयल यांना आत्म्यांशी संवाद होतो अशी खात्री होती. हुडिनीही आईच्या ओढीने माध्यमांकडे, म्हणजे आत्म्यांचे निरोप आणतो असं सांगणाऱ्यांकडे, गेला. १९२२ मध्ये अटलांटिक सिटीत डॉयल यांच्या पत्नीने हुडिनीच्या आईचा म्हणून निरोप लिहून दिला. तो इंग्रजीत होता आणि वर क्रूस काढलेला. हुडिनीची आई ज्यू धर्मगुरूची बायको, इंग्रजी तिला जेमतेम येत असे. मैत्री तुटली. पुढे हुडिनी माध्यमांचे डाव उघडे पाडत फिरला.

हे मी मुलाला सांगितलं, आणि सूझन ब्लॅकमोर यांच्याबद्दलही. १९७० मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांना आपण शरीराबाहेर तरंगतोय असा विलक्षण अनुभव आला. तो सिद्ध करायचाच म्हणून त्या परामानसशास्त्रज्ञ झाल्या, अनेक वर्षं प्रयोग केले, हाती काही लागलं नाही, आणि त्या संशयवादी झाल्या. अनुभव आला होता हे मात्र त्यांनी कधी नाकारलं नाही. बदलला तो त्याचा अर्थ. “बाबांना आवाज येतो हे खरं आहे,” मी म्हटलं. “तिथून सुरुवात करता येईल का?”

तो शिक्षक माणूस. त्याने पुठ्ठ्याची २५ कार्डं कापली आणि वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन, तारा अशी चिन्हं काढली. ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३० च्या दशकात अतींद्रिय ज्ञान तपासायला असाच जोड वापरला होता. पालथ्या कार्डावरचं चिन्ह न पाहता सांगायचं. नुसत्या अंदाजाने २५ पैकी सरासरी ५ बरोबर येतात. काकाजींचे पाच-सहाच यायचे. मुलाला वाटलं, आता तरी पटेल. काकाजी म्हणाले, “अरे, तुही माय काय मले पत्ते सांगाले येते काय?”

आणि ते बरोबरच बोलले होते. त्यांचा दावा पत्त्यांचा नव्हताच, नळाचा होता. म्हणून आम्ही नळाची वही केली. आवाज आला की काकाजींनी तारीख लिहायची, नळ आले की सुनेने, दोघांनी एकमेकांची वही न पाहता. महिन्याभराने तिघं मिळून बसले. आवाज आला आणि नळ आले, असे दिवस होतेच. पण आवाज आला आणि नळ नाही, असेही बरेच निघाले. ते काकाजींच्या लक्षातच राहिले नव्हते. जुळलेल्या दिवसांबद्दल सुनेला एक सुचलं: नळ येतात तेव्हा गल्लीत टिल्लू पंप सुरू होतात, बादल्या वाजतात. अर्धवट झोपेत तो गलका कानावर पडतो आणि मन त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीचा आवाज देतं. झोप आणि जाग यांच्या सीमेवर असं अनेकांना ऐकू येतं.

काकाजींनी वही मिटली. रागावले नाहीत. मला पुनर्जन्माचं म्हणून नागपूरचं उदाहरण दिलं: १९७४ मध्ये तिथल्या एका प्राध्यापिका अचानक जुन्या वळणाचं बंगाली बोलू लागल्या, स्वतःला शारदा म्हणवू लागल्या. “त्याचं काय?” मी जे माहीत आहे ते सांगितलं. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या इयान स्टीव्हन्सन यांनी त्याचा अभ्यास करून १९८४ च्या पुस्तकात तो मांडला आणि त्यांना तो महत्त्वाचा वाटला. त्या बाईंना बंगालीची तोंडओळख आधीपासून होती, याकडे बोट दाखवणारेही आहेत. मला स्वतःला हे दुसरं म्हणणं अधिक पटतं.

मग मी त्यांना विचारलं, “काकाजी, प्लँचेटवर काकू आल्याच, तर काय विचारणार?”

त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिच्या घड्या नीट केल्या. “इचारतो, मी तुले आधी दवाखान्यात काहून नाई नेलं?”

“हे तर त्यांनी तुम्हाला विचारायचं.”

“हाव. पन ते इचारतच नाई. फकत उठा म्हनते.”

‘तुमचा काही दोष नाही’ असं मी म्हटलं नाही. त्यांनी ते मानलं नसतं, आणि ते खरंही नव्हतं. थेट दवाखान्यात नेलं असतं तर जगण्याची शक्यता बरीच वाढली असती. पण मण्यारच्या दंशात प्रतिविष देऊनही, कृत्रिम श्वासावर ठेवूनही काही रुग्ण जातात, हेही खरं. आणि जिथे चार पिढ्या साप चावलेले नेले गेले, तिथेच घाबरलेला माणूस धावला. दोन्ही गोष्टी मी त्यांच्यासमोर ठेवल्या. पुढच्या भेटींत हेच बोलणं झालं. एका भेटीला मुलगाही होता. बापाने तेच वाक्य त्याच्यासमोर म्हटलं. मुलाने उत्तर दिलं नाही, पण उठूनही गेला नाही. नंतर त्याने आपलंही सांगितलं: त्या पहाटे घरून आलेला फोन त्याने झोपेत उचलला नव्हता.

प्लँचेटचा विषय नंतर निघाला नाही. व्हिडिओ काकाजी अजून पाहतात. आवाज कधीमधी येतो. मुलगा आता शाळांत सर्पदंशावर बोलतो. वडिलांनी एकदा येऊन सांगावं असं त्याला वाटत होतं. काकाजींनी नाही म्हटलं, आणि मी मुलाला आग्रह करू नका असं सांगितलं.

सून शेवटच्या भेटीत एकटीच थांबली. “मॅडम, खरं सांगा. आत्मा असते का नसते?”

“आजवर जे पुरावे वाचले त्यांवरून मला तरी पटलेलं नाही,” मी म्हटलं.

“हे मामाजीले सांगू?”

“त्यांनी विचारलं तर सांगा.”