‘तिचं सगळं सून बघते’

तुमचं पत्र चार पानांचं आहे. बँकेतून निवृत्त झालात, ज्ञानेश्वरीची पारायणं केलीत, प्रवचनांच्या टिपणांनी तीन वह्या भरल्यात, तरी जगण्याला अर्थ सापडत नाही. शहाणपण यायला आता कोणता ग्रंथ हाती घेऊ, असं विचारता. तिसऱ्या पानावर एक वाक्य येऊन जातं: ‘पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले, तिचं सगळं सून बघते.’ आणि मग पुन्हा वह्या.

त्या वाक्याचा मला राग आला.

नवा ग्रंथ नको. ज्ञानाची लक्षणं ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्वापासून, म्हणजे मानाची हाव नसण्यापासून, सुरू होतात. अहिंसेपाशी आल्यावर तर पाऊल कसं पडावं, नजर कशी असावी, बोलावं कसं, हात कसे असावेत, हे ज्ञानदेव ओवीमागून ओवी सांगत राहतात. तुम्ही ते वाचलंय. आता शेजारच्या खोलीत जा. आजपासून पत्नीचा व्यायाम तुम्ही घ्यायचा.

डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी अर्धा तास आधी द्या. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघा गादीकडे दाबायला सांगा, ५ अंक मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. फिजिओथेरपिस्टनं वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा. मग खुर्चीत बसवून पाऊल हळूहळू मागे सरकवायचं. शेवटी फडक्यात गुंडाळलेला बर्फ, १५-२० मिनिटं. गुडघ्याखाली उशी मात्र ठेवू देऊ नका. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे पाय सरळ होत नाही. पोटरी दुखायला लागली, लाल झाली किंवा सुजली तर चोळू नका, रक्ताची गुठळी असू शकते. लगेच डॉक्टरांना फोन करा. दम लागला तर थेट हॉस्पिटल.

त्या कळवळतील, चिडतील. ‘राहू द्या, सूनबाई करेल’ असंही म्हणतील. तेव्हा सहनशीलतेवर बोलायला जाऊ नका, अंक मोजत राहा आणि चेहऱ्याकडे बघा. त्या ‘आई गं’ म्हणायच्या आधी ओठ घट्ट मिटतात. तो क्षण ओळखता येईपर्यंत वह्या कपाटात राहू देत.

सूनबाई नोकरीवरून येण्याआधी दुपारचा व्यायाम उरकलेला असू दे. रात्री वॉकर धरून बाथरूमपर्यंत सोबत जाणंही तुमच्याकडे. तिला हे आजच सांगा.