आधी इतिवृत्त लिही, पदाचं नंतर बघू

भाऊ, इंजिनियर्सच्या संघटनेत काम करायचंय ना? मग पद आधी डोक्यातून काढ. सचिवांना सांग, ‘पुढच्या बैठकीचं इतिवृत्त मी लिहितो.’ हे काम कुणालाच नको असतं, म्हणून लगेच मिळतं. आणि कोण नुसतं बोलतं, कोण खरंच राबतं, पैसा कुठे अडतो, ते त्यातच कळतं. मात्र त्याच रात्री लिहून पाठव. आठवडा गेला की जो तो वेगळंच सांगतो.

मग एक कार्यक्रम अंगावर घे. एकच. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, हार-भाषणं सगळेच करतात. ज्यांच्या जयंतीचा हा दिवस, त्या विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला धुळ्याकडे पांझरा नदीवर सायफन, म्हणजे पाणी पलीकडे नेणारा पाइप, टाकला होता. पोरांना त्या नदीकाठीच ने. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राची भेट ठरवलीस तर परवानगीचं पत्र महिनाभर आधी दे. आणि जळगावात मे महिन्यात दुपारचं काही ठेवू नको, वक्त्याशिवाय कुणी येणार नाही!

हिशोबाचं एवढंच: चहाचीही पावती.

पुढे खुर्ची मिळालीच, तर पहिल्याच महिन्यात आपल्यानंतरचा माणूस हेरून ठेव. महिला अभियंत्यांना आपल्याकडे नुसतं सूत्रसंचालन देतात, मला ते पटत नाही. खजिनदारपद दे.